‘काय म्हणाली गं ती?’

टीव्हीवरची गाणी खणखणीत ऐकू येतात, पण संवाद मात्र कळत नाहीत, अशी तक्रार तुमच्याही घरात आहे का? घरातल्या जुन्या स्टिरिओला मधला, म्हणजे ‘सेंटर’ स्पीकर जोडून ही तक्रार कितपत दूर होते, याचा हा घरचाच अनुभव.

रात्रीचे साडेआठ. जेवणं आटोपलेली. हॉलमध्ये टीव्ही चालू. मालिकेतली सासू सुनेला दाराआड नेऊन हळू आवाजात काहीतरी महत्त्वाचं सांगते आणि नेमकं त्याच क्षणी आई माझ्याकडे वळून विचारते, "काय म्हणाली गं ती?"

मी सांगते. तोवर पुढची दोन वाक्यं निघून गेलेली असतात. मग आवाज वाढवायचा. वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर येतं आणि आतल्या खोलीतून माझा मुलगा ओरडतो, "आई, उद्या पेपर आहे माझा!" आवाज कमी केला की पुन्हा, "काय म्हणाली गं ती?"

हे आमच्याकडे वर्षभर चाललं होतं. त्याची गंमतही वाटायची. पण एका संध्याकाळी आई मालिका अर्ध्यावर सोडून उठली, मटाराची पिशवी घेतली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. "तुम्ही बघा. काय झालं ते मला नंतर सांगा," म्हणाली. रागावून नाही, अगदी सहज म्हणाली. त्या सहजपणानंच मला अस्वस्थ केलं. दिवसभरात घरातली सगळी माणसं एकत्र बसतात ती हीच तासाभराची वेळ. त्यातूनही आई हळूहळू बाहेर पडत होती.

टाकून द्यायचा नाही!

आमच्या टीव्हीचा आवाज एका वायरनं बाबांच्या स्टिरिओत जातो. लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर आणि जाडजूड अ‍ॅम्प्लिफायर असा हा सेट बाबांनी पस्तीस वर्षांपूर्वी बोनसच्या पैशांतून घेतला होता. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, पण दर शनिवारी आई त्या स्पीकरवरची धूळ स्वतः पुसते.

नागपूरच्या भावाला फोनवर अडचण सांगितली, तर तो म्हणाला, "अगं, तो डबा भंगारात दे आणि एक साउंडबार घे." आईच्या कानावर हे कसं गेलं कोण जाणे. (असं बोलणं मात्र तिला पहिल्या फटक्यात ऐकू येतं!) ती म्हणाली, "ह्यांनी घेतलेला सेट आहे तो. तो कुठेही जाणार नाही."

प्रश्न मिटला. सेट राहणार होता आणि संवादही ऐकू यायला हवे होते. म्हणजे त्याच सेटमध्ये काहीतरी भर घालायला हवी होती. तिथून या तिसऱ्या स्पीकरच्या मागे मी लागले.

मधोमध बसलात तरच

आपल्याला कान दोन, मग दोन स्पीकर पुरेसे नाहीत का? पुरेसे आहेत, पण एका अटीवर. तुम्ही दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध बसायला हवं.

स्टिरिओमध्ये गायकाचा किंवा नटाचा आवाज डाव्या आणि उजव्या स्पीकरमधून सारखाच येतो. दोन्हीकडून तो एकाच वेळी कानावर पडला की मेंदूला वाटतं, आवाज मधूनच येतोय. मध्ये प्रत्यक्षात काहीच नसतं, तो निव्वळ भास असतो.

आता आमच्या आईची जागा बघा. खिडकीशेजारची आरामखुर्ची. डावा स्पीकर तिच्यापासून सहा फुटांवर, उजवा नऊ फुटांवर. आवाजाला एक फूट कापायला सेकंदाचा जवळपास हजारावा भाग लागतो. म्हणजे उजवीकडचा आवाज तिच्यापर्यंत सेकंदाच्या तीन हजारांश भागानं उशिरा पोचणार. हा फरक आपल्याला नगण्य वाटतो, पण मेंदूला नाही. दोन सारखे आवाज थोड्या अंतरानं आले तर मेंदू आधी आलेल्या आवाजाची दिशा खरी मानतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं १९४९ मध्ये याचा सविस्तर अभ्यास मांडला, म्हणून याला ‘हास इफेक्ट’ म्हणतात. परिणाम असा, की पडद्यावर सासू मध्यभागी बोलते, पण आईला तिचा आवाज कोपऱ्यातल्या कुंडीतून आल्यासारखा वाटतो!

आणखी एक गोम आहे. अगदी मधोमध बसलात तरी डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानातही जातो, किंचित उशिरा. उजव्याचं डाव्या कानात तसंच. हे उशिरा आलेले आवाज मूळ आवाजात मिसळतात आणि साधारण २००० हर्ट्झच्या आसपासचा भाग थोडा दबतो. नेमका तोच भाग व्यंजनं स्पष्ट कळण्यासाठी महत्त्वाचा असतो. मधोमध खराखुरा स्पीकर ठेवला, तर भासाची गरज उरत नाही. आवाज एकाच ठिकाणाहून येतो आणि खोलीत कुठेही बसलात तरी तो पडद्यापाशीच राहतो.

मुळात तीनच होते

गंमत म्हणजे हा तिसरा स्पीकर ही नव्या जमान्याची चैन नाही. १९३१ मध्ये अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्यानं स्टिरिओचं पेटंट मागितलं. सिनेमा पाहताना नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडे, हे त्याला खटकलं आणि त्यातून ही कल्पना सुचली, अशी हकिकत सांगतात. त्यानंतर दोनच वर्षांनी, २७ एप्रिल १९३३ रोजी, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेनं फिलाडेल्फियात वाजणारा ऑर्केस्ट्रा तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला. त्यासाठी त्यांनी डावा, मधला आणि उजवा असे तीन मार्ग वापरले होते.

सिनेमावाल्यांनी हा धडा सोडला नाही. वॉल्ट डिस्नेच्या १९४०च्या ‘फँटेशिया’साठी पडद्यामागे तीन मार्गांची सोय केली होती. १९५३च्या ‘द रोब’ या पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटातही पडद्यामागे तीन आणि प्रेक्षागृहासाठी चौथा असे मार्ग होते. कारण उघड आहे. थिएटरात सगळेच काही मधल्या खुर्चीवर बसत नाहीत. आपल्याकडे १९७५ मध्ये ‘शोले’ ७० मिलिमीटरच्या पडद्यावर स्टिरिओफोनिक आवाजासह आला, तेव्हा तो अनुभव घेण्यासाठी लोकांनी पुन्हा पुन्हा तिकिटं काढली.

मग घरात दोनच स्पीकर का आले? रेकॉर्डमुळे. तबकडीच्या खाचेला भिंती दोन. एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. १९५८च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि ‘स्टिरिओ म्हणजे दोन’ हे घरोघरी पक्कं झालं. घरातला मधला स्पीकर खऱ्या अर्थानं परतला तो १९८७ मध्ये ‘डॉल्बी प्रो लॉजिक’ आल्यावर आणि नंतर डीव्हीडीच्या जमान्यात, ५.१ या आकड्यासोबत. त्या पाचांतला एक मधला. चित्रपटातले बहुतेक संवाद एकट्या त्याच्याच वाट्याला असतात.

आमची फसगत

एवढं वाचून झाल्यावर मी एक छोटा स्पीकर आणला आणि जवळच्याच एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. "पाच मिनिटांचं काम आहे, ताई," म्हणत त्यानं नव्या स्पीकरची एक वायर डाव्या चॅनलच्या लाल टोकाला जोडली, दुसरी उजव्या चॅनलच्या लाल टोकाला. पैसे घेतले आणि गेला.

टीव्ही लावला. मधल्या स्पीकरमधून व्हायोलिनं येत होती, टाळ्या येत होत्या, पावसाचा आवाज येत होता. फक्त माणसं बोलत नव्हती! आई म्हणाली, "याच्यापेक्षा आधीचंच बरं होतं गं."

आमच्याच इमारतीत एक काका राहतात. त्यांची सगळी नोकरी ध्वनिमुद्रणाच्या कामात गेली. त्यांनी पाठीमागे डोकावून बघितलं आणि हसायलाच लागले. म्हणाले, "पाटाच्या दोन्ही टोकांना पाण्याची पातळी सारखी असली तर पाणी वाहील का? नाही ना? संवाद दोन्ही चॅनलमध्ये सारखेच असतात. दोन लाल टोकांच्या मधे स्पीकर लावलास की सारखं असेल ते नाहीसं होतं आणि वेगळं असेल तेवढंच वाजतं. ही जोडणी मागच्या भिंतीवर घुमणारा आवाज काढायला पूर्वी लोक वापरायचे. तुला हवंय त्याच्या बरोबर उलट."

मग दोन्ही लाल टोकं एकत्र पिळून स्पीकरला दिली तर? काकांनी कानांना हात लावले. "असं चुकूनही करू नकोस. दोन चॅनल एकमेकांवर भिडतील आणि अ‍ॅम्प्लिफायर जळेल. आजकालच्या कित्येक लहान अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तर काळं टोकसुद्धा अर्थ नसतं. तिथे काळ्याला काळं जोडलं तरी धोका."

बरोबर रीत

काकांनी सांगितलेली रीत सोपी आहे. स्पीकरच्या टोकांना हात लावायचाच नाही. आवाज मोठा होण्याआधी, म्हणजे सौम्य सिग्नल असतानाच डावा-उजवा मिसळायचा आणि मधल्या स्पीकरला स्वतःचा वेगळा, छोटा अ‍ॅम्प्लिफायर द्यायचा.

बाबांच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागे ‘प्री-आउट’ अशी दोन छिद्रं निघाली. तिथून डावा आणि उजवा सिग्नल घेतला. प्रत्येकाच्या वाटेत १० किलो-ओहमचा एकेक रेझिस्टर घातला, पलीकडे दोन्ही एकत्र जोडले आणि छोट्या मोनो अ‍ॅम्प्लिफायरला दिले. हे रेझिस्टर महत्त्वाचे. ते नसले तर दोन्ही चॅनल एकमेकांत मिसळून बाजूच्या स्पीकरमधला स्टिरिओच नाहीसा होतो. रेझिस्टर काही रुपयांत येतात. छोटा अ‍ॅम्प्लिफायर मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला. इंदूर, बडोदा, हैदराबाद, तुम्ही कुठेही असलात तरी रेडिओचे सुटे भाग विकणारी गल्ली गावात असतेच.

प्री-आउटचा फायदा असा, की मुख्य बटणानं आवाज कमी-जास्त केला की मधला स्पीकरही बरोबरीनं कमी-जास्त होतो. काही सेटना फक्त ‘टेप आउट’ असतं. तिथून सिग्नल घेता येतो, पण तो आवाजाच्या बटणाच्या आधीचा असल्यानं मधल्या स्पीकरचा आवाज दर वेळी वेगळा जुळवावा लागतो.

आणि मधला स्पीकर किती मोठ्यानं लावायचा? काकांचं उत्तर मला आवडलं. "तो वाजतोय हे लक्षात येता कामा नये. पण बंद केला, तर काहीतरी गेलं असं वाटायला हवं."

जागा चुकली की सगळं चुकलं

पहिल्या दिवशी मी तो स्पीकर शोकेसच्या खालच्या कप्प्यात, आत सरकवून ठेवला. आवाज मडक्यातून आल्यासारखा यायला लागला. कप्पा स्वतःच घुमत होता. म्हणून स्पीकरचं तोंड कप्प्याच्या कडेच्या रेषेत, किंवा थोडं बाहेरच असावं. त्याच्यापुढे गणपती, फोटोफ्रेम, रिमोटची टोपली काहीही नको.

टीव्हीच्या लगेच खाली किंवा लगेच वर, मधोमध, ही त्याची जागा. स्पीकर खाली असेल तर पुढच्या बाजूला रबराचे दोन तुकडे ठेवून तोंड थोडं वर करा. बसलेल्या माणसाच्या कानाकडे त्याची दिशा हवी. पूर्वीच्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीजवळ साधा स्पीकर ठेवला की चुंबकामुळे पडद्यावर रंगांचे डाग पडायचे. हल्लीच्या सपाट टीव्हीला ही भीती नाही.

शक्यतो मधला स्पीकर बाजूच्या दोघांच्याच जातकुळीचा, त्याच कंपनीचा निवडावा. नाहीतर एकच माणूस मध्ये असताना एका आवाजात आणि बाजूला गेला की दुसऱ्याच आवाजात बोलतो. पस्तीस वर्षांपूर्वीच्या सेटचा जोडीदार मिळणं कठीण, म्हणून आम्ही साधारण तेवढ्याच आकाराचा घेतला आणि थोडी तडजोड केली. लाल टोकाला लाल, काळ्याला काळं, हे मात्र काटेकोर पाळा. उलटं झालं की आवाज पोकळ होतो.

नवं घेणार असाल तर

ज्यांना रेझिस्टर, सोल्डरिंग या भानगडीत पडायचं नाही, त्यांच्यासाठी सरळ मार्ग म्हणजे ५.१चा एव्ही रिसिव्हर. जुने दोन स्पीकर त्यालाही जोडता येतात. त्यात एक मधला घाला, मागचे दोन नंतर सवडीनं घेतले तरी चालतं. पण तीन गोष्टी विसरू नका.

एक, मेनूमध्ये सेंटर स्पीकर ‘आहे’ असं सांगा. तो ‘नाही’ वर राहिला तर त्याचा आवाज बाजूच्या दोघांत वाटला जातो आणि नवा स्पीकर मुका राहतो. दोन, टीव्हीचा डिजिटल आवाज ‘पीसीएम’ऐवजी ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘बिटस्ट्रीम’वर ठेवा. नाहीतर टीव्ही बहुधा मधला मार्ग आधीच दोघांत मिसळून पाठवतो. तीन, प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजून भरा आणि सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबलनं वाढवून बघा. पार्श्वसंगीत आहे तेवढंच राहतं, संवाद पुढे येतात.

साउंडबार घ्यायचा असेल तर खोक्यावर ३.१ किंवा त्याहून मोठा आकडा बघा. २.० किंवा २.१ असेल तर त्यात स्वतंत्र मधला मार्ग नसतो.

पण आधी कान!

खरं सांगायचं तर सगळ्यात मोलाचा सल्ला मला स्पीकरच्या दुकानात मिळालाच नाही. काकांनी विचारलं, "आईला ऐकू येत नाही म्हणते, की कळत नाही म्हणते?"

"ऐकू येतं, पण कळत नाही, असं म्हणते."

"मग आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा."

वय वाढतं तशी उंच पट्टीतले आवाज ऐकण्याची शक्ती आधी कमी होते. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येत राहतात. पण स, श, च, फ, थ ही व्यंजनं वरच्या पट्टीतली. त्यामुळे ‘साल’, ‘चाल’, ‘फाल’ सगळं ‘आल’सारखंच वाटतं. माणसाला वाटतं, हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात. घरच्यांना वाटतं, म्हातारीचं लक्ष नाही. दोन्ही खरं नसतं.

डॉक्टरांनी आधी कानात मळ साठलाय का ते बघितलं, मग ऑडिओग्राम काढला. त्या कागदावरची रेघ उजवीकडे, म्हणजे वरच्या पट्ट्यांकडे, घसरत गेलेली मी डोळ्यांनी पाहिली. इतके महिने "आई, लक्ष दे ना गं," असं मी किती वेळा म्हणाले असेन, ते त्या क्षणी आठवलं आणि ओशाळल्यासारखं झालं. डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचवलं. आधी आईनं, "मी काय बहिरी आहे का?" म्हणून नाक मुरडलं. चष्मा लावतेस तेव्हा आंधळी असतेस का, असं नातवानं विचारल्यावर ती गप्प झाली. आता संध्याकाळी तरी ती यंत्र लावते.

म्हणून वाचकहो, स्पीकर जरूर जोडा, पण घरातलं वडीलधारं माणूस वारंवार विचारत असेल, तर कानांची तपासणी आधी करून घ्या. मधला स्पीकर संवाद स्वच्छ पोचवतो. ऐकू न येणारी पट्टी तो परत आणू शकत नाही.

गाण्यांचं काय?

गाणी मी पूर्वीसारखीच दोन स्पीकरवर ऐकते. स्टिरिओ गाण्यांची मांडणीच दोघांसाठी केलेली असते. मधला स्पीकर लावला की वाद्यं आत सरकल्यासारखी वाटतात, म्हणून त्याचं बटण तेव्हा बंद.

पण एका रविवारी सकाळी उलटं झालं. आईला गीतरामायण हवं होतं. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून घरोघरी पोचलेलं ते गीतरामायण. त्या काळातलं ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे डावं-उजवं असं काही नाहीच. काका म्हणाले, "बाजूचे दोन्ही बंद कर आणि एकटा मधला चालू ठेव." तसं केलं. आवाज खोलीभर पसरण्याऐवजी समोरच्या एका जागी येऊन थांबला.

आई बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "आमच्या वाड्यात कोनाड्यात रेडिओ होता. अस्सा यायचा आवाज." गाणं संपल्यावर उठून तिनं पदरानं बाबांच्या दोन्ही स्पीकरवरची धूळ पुसली आणि मधल्या नव्या स्पीकरवरूनही एकदा हात फिरवला.

आता साडेआठच्या मालिकेला आई पुन्हा तिच्या आरामखुर्चीत असते. प्रश्न अगदीच संपलेत असं नाही. संध्याकाळभरात एकदा-दोनदा "काय म्हणाली गं ती?" येतंच. पण मटार आता ती हॉलमध्ये, आमच्यात बसूनच सोलते.